तुमचे प्रश्न : जन्माची नोंद सापडली, पण माणूस?

मागच्या अंकात जन्मदाखल्यावरच्या नावाच्या चुका कशा दुरुस्त करायच्या ते लिहिलं होतं. वाटलं आता त्याचेच उपप्रश्न येणार, पण आली ती भलतीच पत्रं. कुणी दत्तक गेलेलं, कुणाच्या घरातून दत्तक दिलेलं, कुणी दत्तक घेतलेलं, आणि विचारणं सगळ्यांचं एकच की जन्माच्या रजिस्टरवरून आपलं माणूस सापडतं का. मी सव्वीस वर्षं एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभागाच्या टेबलावर काढली, वकील नाही, तेव्हा कायदा थोडा आणि धूळ जास्त अशी ही उत्तरं आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मी मूळची पुण्याची, सध्या स्वीडनमध्ये आहे. ऑफिसमधली एक मैत्रीण १९७८ साली तान्ही असताना पुण्यातून दत्तक आलेली आहे. तिला मराठी येत नाही म्हणून मी लिहितेय. तिच्याकडे कोर्टाची ऑर्डर आणि जुना भारतीय पासपोर्ट एवढंच आहे. पासपोर्टवरच्या नावाने ऑनलाइन शोधलं तर काहीच येत नाही. मी दिवाळीत पुण्याला येतेय, तिच्या वतीने मी चौकशी केली तर चालेल का?

उत्तर : ताई, आधी ते पासपोर्टवरचं नाव बाजूला ठेवा. ते नाव बहुतेक दत्तक देणाऱ्या संस्थेत ठेवलेलं असणार, आणि जन्माची नोंद त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. दवाखान्यात बाळ झालं की दवाखाना नगरपालिकेला कळवतो, तेव्हा बाळाला नाव नसतंच, रजिस्टरमध्ये 'मुलगी' एवढंच लागतं आणि नावाचा रकाना कोरा. घरातलं बाळ असेल तर आईबाप पुढे येऊन नाव घालून जातात, तेही कित्येकदा शाळेत घालायच्या वेळी धावत येऊन, वेगळ्या शाईत. तुमच्या मैत्रिणीसाठी कोण येणार होतं? म्हणून नावाने शोधू नका, तारखेने शोधा. रजिस्टर तारखेने आणि नोंद क्रमांकाने चालतं. आणि ऑनलाइन नाही आलं यात नवल काही नाही, जुनी रजिस्टरं सगळी कॉम्प्युटरवर चढलेलीच नाहीत.

आता चालेल का याचं उत्तर. दोन खिडक्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. एक जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९ च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की रजिस्टरमधली नोंद शोधून द्या म्हणून कोणीही अर्ज करू शकतो, फी किरकोळ असते. काउंटरवर 'तुम्ही कोण लागता' हे विचारतातच, मीही विचारायचो, तेव्हा मैत्रिणीचं पत्र आणि ऑर्डरची प्रत बरोबर ठेवा आणि कलम १७ नम्रपणे सांगा. दुसरी खिडकी संस्थेची, म्हणजे दत्तकाची फाइल. ती तुम्हाला नाही उघडणार. दत्तक नियमावलीत मूळ शोधायला रूट सर्च म्हणतात, आणि तो तिऱ्हाईताने करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. मैत्रीण अठराच्या वर आहे, तिने स्वतः अर्ज करायचा, संस्थेकडे किंवा दिल्लीच्या कारा कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेकडे. तुम्ही दुभाषी म्हणून शेजारच्या खुर्चीत बसा.

आणि ती जी कोर्टाची ऑर्डर आहे ना, ती नीट वाचा, त्यात बहुतेक दत्तक हा शब्दच नसेल. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंपुरता, त्यामुळे परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टाकडून पालक म्हणून नेमून घ्यायची, मूल घेऊन जायची आणि खरं दत्तकविधान आपल्या देशात करायची. त्या ऑर्डरच्या डोक्यावर अर्जाचा नंबर आणि साल असतं, ते दोन आकडे जपा, कारण कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये त्यावरच फाइल निघते आणि आईने मूल सोपवल्याचा कागद असलाच तर त्यात असतो. किती कागद असतील याचा भरवसा नाही. १९८४ साली सुप्रीम कोर्टाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले आणि १९९० मध्ये कारा आली. १९७८ हे त्याच्या आधीचं साल, तेव्हा फाइल दोन पानांची निघेल नाहीतर तीस.

पण हे सगळं करायच्या आधी तिने तिकडे एक अर्ज टाकावा. दत्तक आईवडील ज्या कम्यूनमध्ये, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या हद्दीत, राहायचे तिथल्या समाजकल्याण विभागात तिची फाइल असते, भारतातून गेलेला बाळाचा रिपोर्ट पुष्कळदा तिथेच पडलेला असतो, आणि तो मागायचा तिला हक्क आहे. इथे धूळ खायच्या आधी घरचं कपाट उघडावं म्हणतात ते हेच.

रजिस्टरची नोंद हाती आली तर आईचं नाव सगळे बघतात, तुम्ही आणखी एक रकाना बघा, माहिती देणाऱ्याचं नाव आणि पत्ता. दवाखान्यातला जन्म असेल तर तिथे दवाखान्याचं नाव येतं, मग पुढचा दरवाजा त्या दवाखान्याचं प्रसूती रजिस्टर. मूल कुठे टाकलेलं सापडलं असेल तर शहरात ती खबर द्यायची जबाबदारी पोलीस ठाण्याच्या अंमलदाराची, मग त्या रकान्यात ठाण्याचं नाव येतं, आणि अशा वेळी जन्मतारीख ही डॉक्टरने दात, वजन बघून ठरवलेली तारीख असते, त्यावर हळवं होऊन बसू नका. दहा दिवस अलीकडे, दहा दिवस पलीकडे बघा.

आणि एक, आपल्या ओळीची वरची आणि खालची ओळ वाचल्याशिवाय रजिस्टर मिटू देऊ नका. हे मला एका बाईंनी शिकवलं. चाळिशी उलटलेल्या, दत्तक घरी वाढलेल्या, तारीख आणि दवाखान्याचं नाव घेऊन आल्या. मी पान काढलं, स्केलपट्टी ओळीखाली धरली, 'मुलगी', आईचं नाव, पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव. मी उतरवून घ्यायला लागलो तर त्या म्हणाल्या वरच्या ओळीतपण तेच नाव आहे. होतं. तीच आई, तेच गाव, तीच तारीख, 'मुलगा'. रोज दोनशे ओळी बघणाऱ्या माणसाला दिसलं नाही ते बाईंना दिसलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? आधी कोण झालं, तो का मी. आणि मला सांगता येईना, कारण आमच्या रजिस्टरला तारीख असते, वेळ नसते. वेळ दवाखान्याच्या पुस्तकात. मी म्हटलं मृत्यूचं रजिस्टरपण बघून घेऊ, त्या सालचं आणि पुढच्या सालचं बघितलं, त्यात तो नव्हता. त्या दोन्ही ओळींचे उतारे घेऊन गेल्या, परत आल्या नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा (जन्म अंदाजे १९३१) लहानपणी सातारा जिल्ह्यात एका निपुत्रिक विधवा बाईंना दत्तक गेले, आडनाव बदललं. मूळ घर कोकणात खेड तालुक्यात एवढंच घरात बोललं जायचं. आजोबा, वडील दोघेही आता नाहीत. मूळ घराणं शोधायचंय, कुळाचार सोडा, नुसतं कोण होते ते कळावं.

उत्तर : तुमचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, कारण निपुत्रिक विधवेने दत्तक घेतलं म्हणजे तुमच्या आजोबांच्या मागे बहुधा जमीन असणार. आपल्याकडे माणसाचा कागद हरवतो पण जमिनीचा नाही.

सुरुवात जन्माच्या नोंदीपासून करू नका, ती शेवटी. आधी साताऱ्याकडच्या गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, काढा. दत्तक बाई वारल्या किंवा आजोबा सज्ञान झाले तेव्हा 'दत्तक वारस म्हणून नाव दाखल' अशी नोंद झाली असणार, आणि त्यात दत्तकपत्राचा उल्लेख, कधी कधी जन्मदात्या बापाचं नाव गावासकट सापडतं. दत्तकपत्र रजिस्टर केलेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्या सालच्या सूचीत मिळेल. दत्तक देणारा आणि घेणारी दोघांच्या सह्या किंवा अंगठे त्यावर असतात, मूल देतानाचा अंगठा बघणं म्हणजे, असो.

आता एक मजा सांगतो. विधवा बाईने दत्तक घेतलं म्हणताय. मुंबई इलाख्यात नवऱ्याने परवानगी दिलेली नसली तरी विधवेला दत्तक घेता यायचं, दुसऱ्या प्रांतांत असं नव्हतं. साहजिकच भाऊबंदांच्या पोटात दुखायचं, जमीन मिळणार म्हणून बसलेले असायचे आणि मध्येच कोकणातून एक पोरगं येऊन मालक व्हायचं. मग दावा. आजोबांवर असा दावा झाला असेल तर तुम्हाला लॉटरी लागली असं समजा, कारण दत्तक खरं का खोटं ठरवायला कोर्टात दोन्ही घरांची वंशावळ आणि साक्षी सगळं दाखल होतं. घरात कोणी म्हातारं असेल तर 'केस झाली होती का' एवढंच विचारा, दत्तकाबद्दल गप्प बसणारी माणसं केसबद्दल तासभर बोलतात.

शाळाही सोडू नका. दत्तक जायच्या आधी खेडकडे बिगरीत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, नाव घातलं असेल तर जनरल रजिस्टरमध्ये जुन्या आडनावाने नाव असेल, आणि शेऱ्यात 'गाव सोडले' वगैरे.

मग खेड. १९३१ चा खेड्यातला जन्म म्हणजे गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची वही, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ही पुस्तकं आता बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती आली तेव्हा १९४८ च्या आधीची आणि १९४८ ते १९६७ ची ही दप्तरं राज्यभर चाळली गेली, पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर गेली. ती कामं जातीच्या दाखल्यासाठी झाली, पण बापाचं नाव शोधणाऱ्यालाही फुकट फायदा. एवढंच की पानं मोडीत. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या, आणि तोही गावठी मोडी वाचणारा, क्लासमध्ये सुंदर वळणाची मोडी शिकलेल्याला कोतवालाचं अक्षर लागेल याची खात्री नाही.

या पुस्तकात बाळाचं नाव नसतंच बहुधा, मुलगा का मुलगी, बापाचं नाव, जात, तारीख. म्हणून म्हटलं जन्मनोंद शेवटी. आधी बापाचं नाव जमिनीच्या कागदातून आणायचं आणि मग इथे ताडून बघायचं. उलटं केलंत तर खेड तालुक्यातल्या १९३१ च्या सगळ्या 'मुलगा' समोर बसाल. आणि घरातून कोणी नाशिक-त्र्यंबकला गेलेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा, ते आडनाव आणि गाव विचारतात, तुम्ही दोन्ही आडनावं सांगा.

प्रश्न : कसं लिहू कळत नाही. आई मागच्या वर्षी गेली. जायच्या आधी तिने मला सांगितलं की लग्नाआधी तिला एक मुलगी झाली होती, १९७१ किंवा ७२, आणि तिला एका संस्थेत ठेवून आई परत आली. मला माझी बहीण शोधायची आहे. वडील आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. जन्माच्या रजिस्टरमध्ये आईच्या नावाने शोधता येईल का?

उत्तर : येईल, पण कोणत्या नावाने?

हे मी जरा लांबवून सांगतो कारण याच्यावरच सगळं अडतं. तुम्हाला आई ज्या नावाने माहीत आहे ते सासरचं नाव. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि पुष्कळ घरांत पाटावर बसवून तांदळात नवंच नाव लिहितात. माहेरची शकुंतला सासरी येऊन स्मिता होते आणि तिच्या मुलांना शकुंतला कोण ते विचारावं लागतं. रजिस्टरला यातलं काही कळत नाही, त्यात बाई त्या दिवशीच्या नावाने असते. इंग्लंडात १९११ पासून जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव छापतात, त्यामुळे तिथले लोक घरबसल्या एका आईची मुलं जुळवतात. आपली जुनी दप्तरं बापाच्या नावावर चालतात आणि तुमच्या प्रकरणात बापाचा रकाना कोरा असणार किंवा त्यात वाटेल ते असणार. त्यातून लग्न न झालेली मुलगी दवाखान्यात खरंच नाव सांगेल असंही नाही. मी कितीतरी नोंदी पाहिल्यात ज्यात आईचं नाव लक्ष्मी आणि पत्ता 'मु. पो. पुणे', आता हा काय पत्ता झाला?

तरी करून बघा. आईचं माहेरचं पूर्ण नाव, तिच्या वडिलांचं नाव, मामाचं गाव, आणि ज्या शहरात ती 'सुट्टीला' किंवा 'मावशीकडे' गेली होती ते शहर. १९७१ आणि ७२ दोन्ही सालांसाठी कलम १७ खाली शोधाचा अर्ज द्या, दवाखान्याचं नाव माहीत असेल तर ते लिहा, नसेल तर त्या काळातली सरकारी रुग्णालयं आधी.

आता कडू भाग. समजा नोंद सापडली. त्यावरून बहीण झाली होती हे कळेल, ती आज कोण आहे हे नाही कळणार. दत्तक झालं की दाखला दत्तक आईवडिलांच्या नावाने होतो, आणि जुनं नाव आणि नवीन नाव यांना जोडणारा कागद फक्त संस्थेच्या आणि कोर्टाच्या फायलीत. ती फाइल उघडायचा हक्क तिचा आहे, तुमचा नाही, आईचाही नव्हता. मला हे पूर्ण पटतं असं नाही, बहिणीलाही बहीण हवी असते, पण दुसरी बाजू बघा, त्या मुलीला कदाचित आपण दत्तक आहोत हेच माहीत नसेल, आणि तुमचं पत्र तिच्या सासरी पडेल.

मग करायचं काय, तर संस्थेला लेखी पत्र द्यायचं. आई गेली, तिने मला सांगितलं, मला संपर्क चालेल, हा माझा पत्ता. ते पत्र फाइलला लावायला सांगा आणि पोच घ्या. ती कधी रूट सर्च करायला आली तर संस्था फाइल काढेल आणि वरतीच तुमचं पत्र असेल. याचा आणखी एक उपयोग आहे. मूल सोपवताना आईने नाव गुप्त ठेवा असं लिहून दिलं असेल तर तिची संमती लागते, आणि संमती द्यायला आता ती नाही, तिथे तुमचं पत्र नसलं तर 'आई सापडत नाही' एवढं सांगून बहिणीला परत पाठवतील. संस्था बंद झाली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा पुण्याला महिला व बाल विकास आयुक्तालयात विचारा की तिचं दप्तर कुठे गेलं.

डीएनए किटचं बऱ्याच जणांनी विचारलंय. ती बहीण परदेशी गेलेली असेल तर तिने केलेली असायची शक्यता बरी आहे, कारण तिकडची दत्तक मुलं ही टेस्ट करतात. इथे आपण कोणी करत नाही म्हणून त्यांना लांबचे चुलतच सापडत राहतात. तुम्ही केलीत आणि तीही त्याच कंपनीकडे असेल तर सख्खं-सावत्र नातं लगेच दिसतं. फक्त तुमच्या नावाने करा, वडिलांचं नाव प्रोफाइलला लावू नका.

आणि कृपा करून आईचा फोटो आणि माहेरचं नाव फेसबुकवर टाकून 'शेअर करा' म्हणू नका, मामाच्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर चर्चा होईल. गावात गेलात तरी ग्रामपंचायतीत चार माणसांसमोर हे विचारू नका, वंशावळीचं काम आहे म्हणा, खोटं नाही ते. वडिलांना सांगायचं का हे तुम्ही विचारलं नाही, त्यामुळे मीही बोलत नाही.

प्रश्न : आमची दत्तक मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला माहीत आहे. आता ती म्हणते मला माझा खरा जन्मदाखला दाखव.

उत्तर : तुमच्याकडे जो आहे तोच खरा. तिला म्हणायचाय तो त्याच्या आधीचा. अठरापर्यंत तिला एकटीने अर्ज करता येत नाही, तुम्ही आणि ती मिळून करू शकता. मूल सोडून दिलेलं सापडलं होतं असं असेल तर ते कुठून आणि कोणत्या परिस्थितीत संस्थेत आलं एवढं तरी सांगतात, आणि पंधराव्या वर्षी पुष्कळदा तेवढंच हवं असतं. जाताना संस्थेतल्या समुपदेशक बाईंची वेळ आधी घ्या, शनिवारी जाऊ नका, ज्यांच्याकडे चावी असते त्या नेमक्या सुट्टीवर असतात.

प्रश्न : आजीचा १९४० चा जन्माचा मूळ उतारा सापडलाय, घडीवर फाटतोय. लॅमिनेट करू का?

उत्तर : अजिबात नको. शाई चिकटून निघते आणि पुढे कुणाला त्यावर शिक्का मारायचा झाला तर मारता येत नाही. पांढऱ्या कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, आणि फोटो काढताना मागची बाजूपण काढा, मागे कोणीतरी पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं असतंच.